लाडबोरीत पडलेली रिंग आणि वरच राहिलेले तुकडे

कानाला हेडफोन लावायची सोय नसेल, किंवा गावात रेंज एक काडी येते आणि लगेच जाते, अशी परिस्थिती असेल, तर या भागाचा हा लेखी अवतार खास तुमच्यासाठी.

आजचा विषय आहे उपग्रह पाडणारी अस्त्रं. इंग्रजी बातम्यांमध्ये यांना ‘एसॅट’ म्हणतात. एखादा देश जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडतो आणि शेकडो किलोमीटर वर फिरणारा उपग्रह फोडतो. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत, या चारही देशांनी हे करून दाखवलंय. आता तुम्ही म्हणाल, मोठ्या देशांचं भांडण, त्याचं आपल्याला काय? म्हणूनच आज सुरुवात वॉशिंग्टन किंवा बीजिंगमधून करायची नाही. सुरुवात करूया चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून.

पाडव्याची संध्याकाळ

तारीख २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या लोकांना आकाशात जळत जाणाऱ्या रेषा दिसल्या. एकामागोमाग एक ठिपके, मागे लांब शेपूट, आणि सगळे एकाच दिशेने सरकत होते. ते व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले असतील. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान, कुणी म्हणे क्षेपणास्त्र.

त्याच संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूची एक भलीमोठी रिंग येऊन पडली. व्यास साधारण तीन मीटर, वजन ४० किलोच्या वर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तालुक्यात पवनपारला सुमारे दीड फूट व्यासाचा गोळा सापडला. पुढच्या काही दिवसांत आजूबाजूला आणखी गोळे मिळाले. वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. कुणालाही इजा झाली नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. रिंग थोडी इकडे-तिकडे सरकली असती आणि एखाद्या घराच्या कौलांवर आली असती, तर पाडव्याचं काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

ही वस्तू आली कुठून? अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल जगभरातल्या उपग्रहांचा आणि रॉकेटांचा हिशेब ठेवतात. त्यांनी सांगितलं की हा चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. म्हणजेच ज्याला आपण ‘लाँग मार्च’ म्हणून ओळखतो ते रॉकेट. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते उडालं होतं. उपग्रह वर सोडून झाला आणि रिकामा टप्पा तसाच फिरत राहिला, जवळजवळ चौदा महिने. या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास तीन मीटर असतो आणि लाडबोरीची रिंगही तेवढीच होती.

पडलं कसं, आणि जळलं का नाही?

अवकाशात हवा नसते असं आपण शाळेत शिकतो. पण हवा एखाद्या रेषेवर एकदम संपत नाही, ती विरळ होत जाते. दोनशे-तीनशे किलोमीटरवरही हवेचे थोडे कण असतातच. हा रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत होता. प्रत्येक फेरीत तो पृथ्वीच्या जवळ यायचा, विरळ हवेला घासायचा, थोडा वेग गमवायचा. असं करत करत कक्षा आखडत गेली आणि शेवटी तो दाट हवेत शिरला.

अशा वेळी बहुतेक भाग जळून जातो. पण मोठ्या वस्तूच्या वजनाचा साधारण १० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोचू शकतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, टायटॅनियमला सुमारे १६७० अंश लागतात. रॉकेटमधल्या दाबाखालच्या वायूच्या टाक्या टायटॅनियमच्या असतात किंवा त्यांच्यावर कार्बन फायबर गुंडाळलेलं असतं. शिवाय गोल आकारामुळे त्या टिकतात. जगात कुठेही रॉकेटचे अवशेष पडले की त्यात ‘गोळे’ हमखास असतात, ते यामुळेच. लाडबोरीनंतर सव्वा महिन्याने, मे २०२२ मध्ये, गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही असे गोळे पडले होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लाडबोरीला पडलेली वस्तू शस्त्र नव्हती आणि कुठल्या शस्त्रचाचणीतूनही आलेली नव्हती. तो साधा कचरा होता. मग शस्त्रांच्या भागात ही गोष्ट कशाला?

कारण या रिंगबाबत तीन गोष्टी घडल्या. एक, ती स्वतःहून खाली आली. दोन, ती जवळपास अख्खी होती. तीन, ती कुणाची हे शोधता आलं. आता हाच उपग्रह किंवा रॉकेट मुद्दाम फोडलं, तर या तिन्ही गोष्टी उलट्या होतात.

फोडल्यावर काय होतं?

उपग्रह पाडणाऱ्या क्षेपणास्त्रात बहुतेक वेळा स्फोटकांची गरजच पडत नाही. ते नुसतं जाऊन आदळतं. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असतो. नागपूर ते चंद्रपूर अंतर साधारण १५० किलोमीटर आहे. एसटीने तीन-साडेतीन तास लागतात, उपग्रहाला वीस सेकंद. या वेगात धडक झाली की उपग्रहाचे हजारो तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा त्याच भयंकर वेगाने पृथ्वीभोवती फिरायला लागतो.

आकडा घ्या. एक सेंटिमीटर व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची गोळी, वजन जेमतेम दीड ग्रॅम. ती सेकंदाला दहा किलोमीटरच्या वेगाने आदळली, तर तिच्यात ७० हजार जूलच्या वर ऊर्जा असते. म्हणजे चालवणाऱ्यासकट दोनशे किलोची मोटारसायकल ताशी ९५-१०० किलोमीटरने येऊन धडकावी, तेवढी. आणि एवढी छोटी गोळी जमिनीवरच्या रडारला सहसा दिसतही नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार १० सेंटिमीटरहून मोठे तुकडे ३० हजारांच्या वर आहेत, आणि १ ते १० सेंटिमीटरचे दहा लाखांच्या घरात.

मग हे तुकडे किती दिवस वर राहतात? ते ठरतं उंचीवर. तीनशे किलोमीटरच्या आसपास फोडलं, तर हवेच्या घर्षणाने बहुतेक तुकडे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत खाली येऊन जळतात. आठशे किलोमीटरच्या वर फोडलं, तर अनेक दशकं, काही तर शतकभरसुद्धा. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कुणी उपग्रह फोडला, हा पहिला प्रश्न. पण किती उंचीवर फोडला, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

चार देश, चार उंच्या

हा खेळ जुना आहे. सोव्हिएत संघाने १९६८ पासून एक उपग्रह दुसऱ्याच्या जवळ नेऊन फोडण्याच्या चाचण्या सुरू केल्या. अमेरिकेने १३ सप्टेंबर १९८५ ला लढाऊ विमानातून क्षेपणास्त्र सोडून आपलाच ‘सोलविंड’ उपग्रह ५५५ किलोमीटरवर फोडला. त्याचे तुकडे पूर्ण खाली यायला २००४ साल उजाडलं. तब्बल एकोणीस वर्षं! नंतर २००८ मध्ये अमेरिकेने बंद पडलेला एक हेरगिरी उपग्रह साधारण २५० किलोमीटरवर पाडला. तिथले तुकडे लवकर खाली आले.

सगळ्यात वाईट चाचणी ११ जानेवारी २००७ ची. चीनने आपला जुना हवामान उपग्रह ‘फेंगयुन १सी’ सुमारे ८६५ किलोमीटरवर फोडला. माग काढता येतील असे तीन हजारांवर तुकडे झाले. त्यातले बरेचसे आजही वर फिरतायत.

रशियाने १५ नोव्हेंबर २०२१ ला ‘कॉसमॉस १४०८’ फोडला. दीड हजारांवर तुकडे झाले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या सात जणांना आपापल्या यानांमध्ये जाऊन बसावं लागलं, वेळ आलीच तर निघता यावं म्हणून. त्या सातांत दोन रशियन अंतराळवीर होते. म्हणजे रशियाने केलेल्या चाचणीमुळे रशियाचीच माणसं जीव मुठीत धरून बसली होती.

आणि आपली मिशन शक्ती?

आपण भारताचं नाव घेताना आवाज खाली करायचा नाही आणि उगाच छातीही फुगवायची नाही. जे झालं ते सांगूया.

२७ मार्च २०१९ ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या डॉ. अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओने क्षेपणास्त्र सोडलं आणि आपलाच ‘मायक्रोसॅट-आर’ पाडला. वजन ७४० किलो, दोनच महिन्यांपूर्वी सोडलेला. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम. पंतप्रधानांनी टीव्हीवरून देशाला सांगितलं.

उंची मुद्दाम कमी निवडली होती, २८३ किलोमीटर. म्हणजे चंद्रपूरहून नागपूरमार्गे अमरावती जेवढं लांब, साधारण तेवढं वर. डीआरडीओचं म्हणणं होतं की तुकडे ४५ दिवसांत खाली येतील. बहुतेक आलेही लवकर. पण धडकेत काही तुकडे वर उसळले, अवकाश स्थानकाच्याही वर गेले. नासाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी यावर उघड नाराजी दाखवली. अगदी शेवटचे नोंदवलेले तुकडे खाली यायला २०२२ साल लागलं. यातून काय कळतं? कमी उंची निवडणं चीनच्या चाचणीपेक्षा कितीतरी जबाबदारीचं होतं. आणि तरीही, कितीही काळजी घेतली तरी तुकडे आपला हिशेब पाळत नाहीत.

मग भारताने हे केलंच कशाला? एक कारण उघड आहे, शेजारी चीन. दुसरं कारण जुन्या अनुभवाचं. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ च्या आधी अणुचाचणी केलेल्यांनाच ‘अण्वस्त्रधारी’ मानलं. भारताची पहिली चाचणी १९७४ ची, म्हणजे आपण कायमचे बाहेर. उद्या उपग्रहभेदी अस्त्रांवर असाच करार झाला, तर पुन्हा रांगेत मागे नको, असा विचार दिल्लीत बरीच वर्षं मांडला जात होता. चाचणीनंतर भारताने अधिकृतपणे असंही सांगितलं की अवकाशात शस्त्रस्पर्धा करायचा आपला इरादा नाही.

शर्यतीची भीती नेमकी कसली?

गंमत बघा, प्रत्येक देश हेच म्हणतो. ‘आम्हाला शर्यत नको, पण समोरच्याकडे आहे म्हणून आम्हालाही लागतं.’ गावात एकाने शेताला काटेरी तार लावली की शेजारी लावतो, मग तिसरा. प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं असतं, पण शेवटी वाट बंद होते सगळ्यांची.

अवकाशात हे आणखी बिकट आहे, कारण तिथे हत्यार आणि अवजार यांत फरक करणं कठीण जातं. बंद पडलेल्या उपग्रहाजवळ जाऊन त्याला खाली ओढणारं यान हे सफाई कामगार आहे. तेच यान दुसऱ्याच्या चालू उपग्रहाजवळ गेलं तर हल्लेखोर. शिवाय उपग्रह फोडलाच पाहिजे असंही नाही. जीपीएसचे सिग्नल दडपणं, लेझरने कॅमेरा आंधळा करणं, हेही याच शर्यतीचे भाग आहेत.

सगळ्यात मोठी भीती अणुस्फोटाची. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडून पाहिला होता, ‘स्टारफिश प्राइम’. त्यातून पसरलेल्या किरणोत्साराने नंतरच्या महिन्यांत अनेक उपग्रह निकामी झाले. आणि तेव्हा वर होते मोजकेच उपग्रह. आज हजारो आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने आरोप केला की रशिया अण्वस्त्र वापरणारं उपग्रहभेदी अस्त्र बनवतोय. रशियाने तो नाकारला. पण त्याच एप्रिलमध्ये, अवकाशात अण्वस्त्रं न ठेवण्याच्या जुन्या वचनाला दुजोरा देणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा रशियाने नकाराधिकार वापरला.

कायदा काय म्हणतो?

१९६७ चा अवकाश करार सांगतो, कक्षेत अण्वस्त्रं ठेवायची नाहीत. पण जमिनीवरून साधं क्षेपणास्त्र सोडून स्वतःचा उपग्रह फोडायला त्यात बंदी नाही.

नुकसानभरपाईचा करार १९७२ चा. भारत आणि चीन दोघेही त्यात आहेत. त्यात दोन वेगळे नियम आहेत आणि इथेच लाडबोरी कामाला येते. जमिनीवर नुकसान झालं, तर वस्तू सोडणाऱ्या देशाला भरपाई द्यावीच लागते, चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि शेवटी ३० लाख मिळवले.

पण नुकसान अवकाशात झालं, एका उपग्रहाला तुकडा लागून दुसरा देश बुडाला, तर चूक सिद्ध करावी लागते. त्यासाठी आधी तुकडा कुणाचा हे कळलं पाहिजे. तीन मीटरच्या रिंगचा मालक सापडतो. दीड ग्रॅमच्या गोळीवर कुणाचं नाव शोधणार? फोडलेल्या उपग्रहाचे तुकडे म्हणजे बेवारस गोळ्या. मारणारा सापडत नाही आणि कायदा हात टेकतो.

प्रयत्न सुरू आहेत. लाडबोरीनंतर सोळा दिवसांनी, १८ एप्रिल २०२२ ला अमेरिकेने जाहीर केलं की अशा विध्वंसक चाचण्या आम्ही करणार नाही. नंतर तीसहून जास्त देशांनी तसंच वचन दिलं. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत याच आशयाच्या ठरावाला १५५ देशांनी पाठिंबा दिला, ९ विरोधात गेले, ९ तटस्थ राहिले. चीन आणि रशिया विरोधात, भारत तटस्थ. भारताची भूमिका अशी, की नुसत्या वचनांपेक्षा सगळ्यांना बांधील असा करार हवा. भूमिकेत तथ्य आहे. पण करार होईपर्यंत काय, याचं उत्तर तटस्थ राहून मिळत नाही, असं मला वाटतं.

गडचिरोलीच्या जंगलावर कोण नजर ठेवतं?

आता वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत येऊ. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त जंगल याच जिल्ह्यात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायचे दिवस असतात, पाठोपाठ तेंदूपत्ता. याच दिवसांत वणवे लागतात. एखाद्या दुर्गम बीटमध्ये आग लागली, हे वनरक्षकाच्या मोबाइलवर कसं कळतं? देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या माहितीवरून आगीचे अलर्ट पाठवते. त्यातला एक महत्त्वाचा उपग्रह ‘सुओमी एनपीपी’ फिरतो सुमारे ८२५ किलोमीटरवर. जिल्ह्यात जंगल किती वाढलं, किती घटलं, याचे नकाशे ज्या उपग्रहांवरून बनतात, त्यातला इस्रोचा ‘रिसोर्ससॅट’ फिरतो ८१७ किलोमीटरवर.

आणि चीनने २००७ मध्ये उपग्रह फोडला होता कुठे? ८६५ किलोमीटरवर.

लक्षात आलं? पृथ्वीचे फोटो काढायला हा पट्टा सोयीचा, म्हणून हे उपग्रह तिथे. आणि नेमका हाच पट्टा कचऱ्याने सगळ्यात जास्त भरलेला. इस्रोला २०२२ मध्ये आपले उपग्रह टकरीपासून वाचवायला २१ वेळा बाजूला घ्यावे लागले, २०२३ मध्ये २३ वेळा. प्रत्येक वेळी इंधन जातं, म्हणजे उपग्रहाचं आयुष्य कमी होतं. त्यातला एखादा तुकडा चुकवता आला नाही, तर ऐन वणव्याच्या दिवसांत अलर्टच येणार नाही. अठरा वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी दुसऱ्या देशाने घेतलेल्या निर्णयाचं बिल कोरची नाहीतर भामरागडच्या जंगलाने भरायचं, असा हा हिशेब आहे.

तुकडा सापडला तर?

शेवटी कामाची गोष्ट. रानात, शेतात अशी अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका. काही टाक्यांमध्ये हायड्राझिनसारखं अत्यंत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. पोरांना आणि गुराढोरांना लांब ठेवा. दुरून फोटो काढा, जागा नोंदवा, पोलीस पाटील, पोलीस ठाणं किंवा तहसील कार्यालयाला कळवा. आणि भंगारवाल्याला तर बिलकुल देऊ नका. आंतरराष्ट्रीय करारानुसार ती वस्तू सोडणाऱ्या देशाच्या मालकीची असते, आणि ती कुणाची हे सिद्ध करायचा पुरावाही तीच असते.

खाली पडलेल्या तुकड्याची काळजी आपण घेऊ शकतो. वर राहिलेल्यांची काळजी घ्यायला सरकारांना भाग पाडावं लागतं, आणि ते प्रश्न विचारल्याशिवाय होत नाही. पुढच्या वेळी कुठल्याही देशाने उपग्रह पाडल्याची बातमी आली, मग तो देश आपला असो की परका, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं नक्की विचारा: किती उंचीवर?

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.